बाबूजी घरी आले की टक्

खुमेंद्र रहांगडालेचे कान मोठे आहेत हे आमच्या सौंदडच्या शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं, कारण मास्तर धरायला तेच निवडायचे. पण त्या कानांना ऐकूही फार येतं हे फक्त मला ठाऊक होतं, कारण मी त्याच्या बाकावर बसायचो. हायवेवरून ट्रक गेला की हा खिडकीकडे न पाहता सांगायचा, "भरलेला आहे, मागचा डावा चाक ढिल्ला." चाक ढिल्लं आहे का हे बघायला ट्रकमागे कोण धावणार? त्यामुळे तो कायम बरोबर निघायचा.

बारावीनंतर मी सडक अर्जुनीला मोबाईल दुरुस्तीचं टेबल टाकलं. खुमेंद्र नागपूरला बी. एस्सी. करायला गेला. तीन वर्षांनी परत आला तेव्हा त्याच्याजवळ एक जुना कॉम्प्युटर होता, एक माइक होता आणि यूएसबीनं जोडायची एक काळी डबी होती.

"डिग्री कोठी आहे?" त्याच्या बाबूजींनी, म्हणजे मनोहरलालजींनी विचारलं.

"पोस्टानं येते, बाबूजी."

डिग्री पोस्टानं आलीही. पण तोवर घरामागची धान ठेवायची खोली खुमेंद्रनं काबीज केली होती. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे लावायचे, असं त्याला नागपुरात कोणीतरी सांगितलं होतं. रिकामे का होईना, पण माळकरी घरात अंड्यांचे ट्रे! मनोहरलालजींनी ते दारातूनच परत पाठवले. मग भिंतींना धानाची रिकामी पोती खिळ्यांनी ठोकली आणि वर जुन्या वाकळा टांगल्या. त्या खोलीत रेकॉर्डिंग करणाऱ्याच्या नाकात कोंडा जायचा आणि तो शिंकायचा. एवढं सोडलं तर स्टुडिओ झकास होता.

हे सगळं २०११ सालचं. त्या वर्षी फाल्गुनात खुमेंद्रच्या बहिणीचं, नीतूचं लग्न ठरलं आणि गोष्ट तिथूनच सुरू होते.

खुमेंद्रची मोठी आई, म्हणजे मनोहरलालजींच्या थोरल्या भावाची बायको सुंदरबाई, गावातल्या पोवार समाजाच्या लग्नांत गाणी सांगायची. ती ओळ उचलणार आणि बाकीच्या बायका मागून धरणार. हळदीचं गाणं, मांडवाचं गाणं, व्याह्याला चिडवायचं गाणं, सगळी तिच्या तोंडात. पण आदल्या वर्षी रविताच्या, म्हणजे खुमेंद्रच्या चुलत बहिणीच्या हळदीला डीजे आला. स्पीकरच्या डब्ब्यांचे डोंगर लागले. मोठी आई गात होती, पण आवाज बंद केलेल्या टीव्हीसारखं फक्त तिचं तोंड हलताना दिसत होतं. तिनं गाणं पुरं केलं, घरी आली, पाणी प्याली आणि म्हणाली, "आता माह्या गाण्याले आराम."

नीतूनं हे मनात ठेवलं होतं. हळदीचा दिवस ठरला, मंगळवार, आणि पोट्ट्यांनी हट्टानं डीजेही ठरवून टाकला. तेव्हा ती भर अंगणात म्हणाली, "मोठी आईचा गाणा नाही, त मी हळद लावून घेत नाही. कोरीच जातो सासरी."

डीजे मोडा असं म्हणायची कोणाची हिंमत नव्हती. सगळे मनोहरलालजींकडे पाहू लागले आणि मनोहरलालजी आभाळाकडे. तेव्हा खुमेंद्र पुढं झाला. "मोठी आईचा गाणा डीजेच्या डब्ब्यातूनच वाजन. मी रेकॉर्ड करतो. सडक अर्जुनीपावतर ऐकू जाईन."

सुंदरबाईनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बोलून त चांगला राहिलास. करून दाखव."

म्हणजे शब्द दिला गेला, तोही वीस माणसांसमोर.

पहिल्या रेकॉर्डिंगला सहा बायका आल्या, नवी लुगडी नेसून. मधोमध माइक, भोवती बायका, कोपऱ्यात कानाला हेडफोन लावलेला खुमेंद्र आणि दाराशी मी. माझं काम शिंक आली की बाहेर पळणं. खुमेंद्रनं हात वर केला, "हं, मोठी आई." कोणी गाईना.

"का झाला?"

"हात रिकामे ठेवून गाणा कसा येईन रे?" सुंदरबाई म्हणाली. "हळद कुटताना गातो, डाळ निवडताना गातो. असा बसून त भाषण करतात."

मग सुपात तुरीची डाळ आणली. गाणं आलं, पण सोबत सुपाची अशी खळखळ आली की रेकॉर्डिंगमध्ये जणू नदीच वाहत होती. शेवटी नीतूनं कापूस आणून दिला. वाती वळायला आवाज होत नाही. बायका वाती वळत गाऊ लागल्या, आणि खुमेंद्रच्या चेहऱ्यावर कोवळं ऊन पडल्यासारखं झालं.

ते ऊन त्यानं रेकॉर्डिंग ऐकेपर्यंतच टिकलं. गाण्यात मध्येच पट्, मध्येच चर्र, परत पट् पट्. कढईत मोहरी टाकल्यासारखं.

"हे बफरचं आहे," खुमेंद्र म्हणाला. माझा चेहरा पाहून त्यानं सोपं करून सांगितलं. पंगत बसली आहे. वाढणाऱ्याच्या हातात पळीएवढं वरण आहे. दोन पानं झाली की त्याला परत धावावं लागतं, आणि तोवर तिसऱ्याचं पान कोरडं राहतं. कोरडं पान आलं की पट्. त्याला मोठी बादली द्यायची. वरण थोडं उशिरा निघतं, पण पंगत तुटत नाही. त्यानं कॉम्प्युटरवरच्या सेटिंगमधला ६४ चा आकडा ५१२ केला. इंटरनेटचं डोंगल उपसून काढलं. तपासणी करत बसणारा अँटिव्हायरस बंद केला, कारण तो म्हणजे पंगतीत मध्येच उठून चपला मोजणारा पाहुणा.

मोहरी थांबली. दोन दिवस नुसती तालीम करत आम्ही राजे होतो.

तिसऱ्या दिवशी गाता गाता सुंदरबाईचा ओठ माइकच्या जाळीला लागला. "आई गं, चावला!" खोलीत करंट होता, कॉम्प्युटरच्या पत्र्यातून माइकपर्यंत. सडक अर्जुनीचा बिसराम वायरमन आला. त्यानं टेस्टर लावला, मान हलवली आणि सांगितलं, "अर्थिंग नाही. बिना अर्थिंगचा कॉम्प्युटर म्हणजे बिना वेसणीचा बैल." खोलीमागे हातपंपाचं पाणी जिथं मुरतं तिथं आम्ही खड्डा खोदला, लोखंडी पाइप उभा केला, भोवती मीठ आणि कोळसा भरला, पाइपापासून खोलीपर्यंत तार आणली. बिसराम म्हणाला, "खड्डा ओला ठेवजा."

चावणं बंद झालं. त्याच आठवड्यात मनोहरलालजींनी मागच्या बाडीला, म्हणजे परसातल्या भाजीच्या मळ्याला, झटक्याची तार लावून घेतली. लग्नाच्या पंगतीसाठी त्यांनी फुलकोबी लावली होती, आणि रात्री रानडुकरं, दिवसा वानरं अशी तिच्यावर पाळी लागली होती. बॅटरीवरचं छोटं मशीन, तारेला हात लावला की झटका. तो कोबीचा विषय होता, आमचा नाही, म्हणून आम्ही तिकडे पाहिलंही नाही.

आणि मग ते सुरू झालं. टक्.

मोहरीसारखं नाही. स्वच्छ, एकटं, ठरावीक. कोणी स्टीलच्या गिलासावर नखानं वाजवावं तसं. टक्. मग सेकंदाहून थोडं जास्त थांबून, टक्. गाण्यावर गाणं, टक्वर टक्.

बादली आणखी मोठी केली, टक्. डबी दुसऱ्या भोकात लावली, टक्. माझ्या टेबलावरून चांगली वायर आणली, ट्यूबलाइट बंद केली, पंखा बंद केला, फ्रिज बंद केला (दूध नासलं, नीतूच्या आईनं आमच्या दोघांच्या घराण्याचा उद्धार केला), टक्. एक अख्खा दिवस लावून खुमेंद्रनं कॉम्प्युटर पुसून सगळं नव्यानं टाकलं. घामाघूम होऊन हेडफोन लावला आणि माझ्याकडे पाहिलं. मला विचारायची गरज पडली नाही.

बिसरामला फोन केला. "अर्थिंग कमी पडून राहिली असेल. पानी टाका." मग नीतू, साक्षात नवरी, दिवसातून दोन वेळा बादल्या नेऊन खड्ड्यात ओतू लागली. नागऱ्याच्या महादेवालासुद्धा सोमवारी इतकं पाणी मिळत नसेल. आणि पाणी जितकं टाकावं तितकं टक् आणखी ठणठणीत.

एवढ्यात मोठी आईचा एक नियम कळला. लग्नाचं गाणं एकदा उचललं की अर्ध्यात टाकायचं नाही. खुमेंद्र टक् ऐकून हात वर करायचा, "थांबा, थांबा," आणि सहाही बायका त्याच्याकडे पाहत सात मिनिटांचं गाणं पुरं करायच्या. एकदा तर सुंदरबाईला त्यानं हेडफोन घातला. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "तालात नाही तुह्या मशीनचा माणूस. काढून टाक त्याले."

"काढतोच न, मोठी आई. सापडला पाह्यजे पहिले."

खुमेंद्रनं भिंतीवर खडूनं वेळा लिहायला सुरुवात केली. सकाळी सात ते दहा, आहे. दहा ते बारा, नाही. दुपारी आहे. चार ते साडेपाच, नाही. संध्याकाळी आहे. आम्ही दोन दिवस त्या आकड्यांकडे पाहत बसलो. मग नीतू झाडू घेऊन आली, तिनं एकदा वाचलं आणि म्हणाली, "हा त बाबूजीचा टाइमटेबल आहे."

खरंच होता. दहा ते बारा मनोहरलालजी बाडीत. चार ते साडेपाच बाडीत. बाबूजी बाडीत, टक् बंद. बाबूजी घरी आले की टक्.

सायन्सवाल्या माणसाला पुरावा मिळाला की तो फार वाईट वागतो. आम्ही त्यांचा मोबाईल बंद करवला. सुपारी कातरायचा अडकित्ता जप्त केला. कमरेच्या किल्ल्या काढून घेतल्या. शेवटी खुमेंद्रनं फार नरम आवाजात विचारलं, "बाबूजी, तुमच्या छातीत त काही मशीनगिशीन नाही न बसवली कोणी?"

"तुह्या डोक्यात बसवतो. थांब."

रविवार उजाडला. मंगळवारी हळद. बायका बारा वाजता आल्या. रविवारचं लोडशेडिंग, तीन वाजता लाइट जाणार ती रात्रीच यायची, आणि सोमवारी मांडवाची कामं, म्हणजे जे व्हायचं ते या तीन तासांत. सुंदरबाईनं वाती पुढ्यात ओढल्या आणि खुमेंद्रला म्हणाली, "आज नाही झाला, त त्या डीजेवाल्याले सांग, त्याचाच वाजव. मी हळद लावून घरी जाईन." हसतच म्हणाली. पण वात वळताना तिच्या हातून कापूस तुटला, तो मी पाहिला.

खुमेंद्र बाहेर आला. "बाबूजी, तुम्ही थोडा घराबाहेर जाऊन या न."

"कायले?"

मी मध्ये पडलो. "काकाजी, तुम्ही घरी असले की टक् येते."

मनोहरलालजींनी दुपट्टा खांद्यावर टाकला. "साठ वर्षांत या घरात माह्यामुळे टक् नाही आला. आता माह्याच घरातून मलेच हाकलून राहिले." आणि दाणदाण निघून गेले.

खुमेंद्रनं हेडफोन लावला. टक्. टक्. आमचा पुरावा धुळीत गेला. माणूस घरात नाही आणि टक् आहे! खुमेंद्र मटकन पोत्यांना टेकून बसला. मी पहिल्यांदा त्याचे कान लहान झालेले पाहिले.

अर्धा तास गेला. बायका वाती वळत होत्या. एवढ्या वाती झाल्या होत्या की गावातल्या देवांची वर्षभराची सोय झाली होती. अचानक खुमेंद्र ताठ झाला. "गेला!"

"कोण?"

"टक्. आत्ता बंद झाला."

मी वाकळ बाजूला सारून खिडकीतून पाहिलं. रुसलेले मनोहरलालजी वेशीपर्यंत जाऊन, तिथं कोणीच विचारलं नाही म्हणून परत आले होते आणि बाडीत वाल तोडत होते. "काकाजी बाडीत आहेत," मी म्हणालो. थोड्या वेळानं ते ओंजळभर शेंगा घेऊन तारेबाहेर आले. भिंतीजवळ थांबले. एका डब्यात हात घातला.

"आला!" खुमेंद्र ओरडला.

हेडफोन नीतूच्या कानाला अडकवून आम्ही दोघं धावतच मागे गेलो. झटक्याच्या मशीनचा लाल दिवा लुकलुकत होता. लुकलुक, आणि खोलीतून नीतूचा आवाज, "टक्!" लुकलुक. "टक्!" बाडीत जाताना मशीन बंद करायचं, नाहीतर आपल्यालाच झटका. बाहेर आलं की चालू. यात बाबूजींचा दोष इतकाच की ते शहाणे होते. खरी गंमत खाली होती. मशीनमधून निघालेली एक तार सरळ जाऊन आमच्या मीठ-कोळशाच्या खड्ड्यातल्या पाइपाला घट्ट गुंडाळलेली होती.

"बाबूजी, हा तार इथं कोणी बांधला?"

"मी बांधलो. मशीनले बी जमीन लागते म्हणे. खड्डा त तयारच होता. मीठ टाकलेला, कोळसा टाकलेला, पोरगी रोज पानी टाकून राहिली. असा अर्थिंग अख्ख्या गावात नाही."

"मशीनवाल्यानं काही सांगितलं नव्हता?"

"सांगला न. घराच्या अर्थिंगपासून दूर ठेवा म्हणला. घराच्या बाहेरच त आहे!"

खुमेंद्र त्या ओल्या खड्ड्याशेजारी खाली बसला आणि हसायला लागला. मशीन दर सेकंदा-सव्वासेकंदाला जमिनीत झटका सोडत होतं, तो त्याच पाइपातून आमच्या तारेनं खोलीत चढत होता, आणि आम्ही इलाज म्हणून त्यालाच पाणी पाजत होतो. मीही हसलो. मनोहरलालजी हसले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "म्हणजे मी नव्हतो न?"

"तुम्ही नव्हते, बाबूजी."

"छातीत मशीन बी नाही?"

"नाही, बाबूजी."

"मग माहा अडकित्ता आण."

आता इलाज साधा होता, पण वेळ नव्हता. आमची तार सोडली तर माइक मोठी आईच्या ओठाला चावणार. नवा खड्डा खोदायचा तर संध्याकाळ होणार. राहिलं एकच, दीड तास झटका बंद ठेवणं. पण कडूनिंबावर वानरांची अख्खी वरात बसली होती आणि तिची नजर फुलकोबीवर होती.

"मी राखतो," मनोहरलालजी म्हणाले.

"पण आवाज नाही करायचा, बाबूजी. खिडकी इथंच आहे."

"बिना आवाजानं वानर कसा हाकलतात?"

"हातानं."

"हातानं? मी का त्याले नमस्कार करू?"

पण गेले. मशीनचा लाल दिवा विझला. खुमेंद्रनं हेडफोन लावला, डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं आणि बोट वर केलं. सुंदरबाईनं पहिली ओळ उचलली.

मी खिडकीशी होतो, त्यामुळे दोन्ही कार्यक्रम मला दिसले. आत सहा बायका, वाती आणि गाणं. बाहेर गावातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस मुक्यानं लढत होता. वानर उतरलं की मनोहरलालजी दुपट्टा गरगर फिरवत धावायचे, पाय आपटायची वेळ आली की हवेतच थांबवायचे, तोंड उघडायचे आणि हातानं दाबून धरायचे. वानरांना असा माणूस नवीन होता. ती कुंपणावर ओळीनं बसून पाहू लागली.

मांडवाचं गाणं झालं. स्वच्छ. व्याह्याचं गाणं झालं. स्वच्छ. घड्याळात पावणेतीन. राहिलं हळदीचं, नीतूचं. त्या गाण्यात घरातल्या एकेकाचं नाव घेतात, कोणी हळद आणली, कोणी कुटली, कोणी लावली. आजोबाचं नाव झालं, मोठ्या बाबूजींचं झालं. बाहेर एका धीट वानरानं कोबीचा सगळ्यात मोठा गड्डा दोन्ही हातांनी उपटला. आत सुंदरबाईनं आवाज चढवून नवरीच्या बापाचं नाव घेतलं, मनोहरलाल...

"हाऽऽऽड्!"

पोती हादरली. खुमेंद्रनं कान धरले. बायका थांबतील असं मला वाटलं, पण नियम तो नियम. त्यांचे खांदे हसून गदगदत होते, एकीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण एकही ओळ तुटली नाही. गाणं पुरं झालं आणि दोन मिनिटांत लाइट गेली.

"मोठी आई, तो ओरडा नावावरच बसला," खुमेंद्र रडवेला झाला. "कापला त बाबूजीचा नावच कटते."

"कापू नको." सुंदरबाई वाती गोळा करत होती. "आपण नाव घेतला, त्यानं ओ देला. आणखी का पाह्यजे?"

मंगळवारी सकाळी मांडवात डीजेवाल्यानं खुमेंद्रची सीडी लावली. सुंदरबाई पाटावर बसलेल्या नीतूच्या गालाला हळद लावत होती, दोन्ही हात पिवळे. डब्ब्यांच्या डोंगरातून तिचा आवाज निघाला. हिरव्या कापडाचा मांडव थरथरला, रस्त्यावरून जाणारे थांबले, पलीकडच्या आळीतल्या म्हाताऱ्या दारात आल्या. मोठी आईचे हात तसेच राहिले. आयुष्यभर तिनं हे गाणं गायलं होतं, पण ऐकलं आज पहिल्यांदा. कान देऊन ऐकत होती. नीतूच्या गालावर तिची पाच बोटं उमटली तरी तिला कळलं नाही.

"इथं मी श्वास लवकर घेतलो," ती हळूच म्हणाली.

"घेऊ दे न, मोठी आई," नीतू म्हणाली.

मग नावं सुरू झाली. ज्यांना ठाऊक होतं ते आम्ही आधीच तोंड दाबून बसलो होतो. मनोहरलालजी पाहुण्यांमध्ये पागोटं सावरत उभे होते. नाव आलं, आणि चार डब्ब्यांतून एकदम, "हाऽऽऽड्!" अंगणातलं कुत्रं शेपूट घालून पळालं. मांडव हसून असा फुटला की पुढच्या दोन ओळी कोणालाच ऐकू आल्या नाहीत. व्याही म्हणाले, "वाजव न, तेच वाजव पुन्हा!" आणि मनोहरलालजींनी, खरं सांगतो, दुसऱ्यांदा नाव आल्यावर तोच ओरडा स्वतःच मारला, सीडीपेक्षा जोरात.

तिसऱ्यांदा गाणं लागलं तेव्हा सुंदरबाई डब्ब्यासोबत गाऊ लागली. जिथं श्वास लवकर घेतला होता तिथं या वेळी तिनं बरोबर घेतला. मागच्या बायकांनी ओळ धरली. डीजेवाल्यानं आवाज कमी करायला हात नेला, तर खुमेंद्रनं त्याचा हात धरला आणि डोळे मिटून, कान टवकारून ऐकत उभा राहिला.

पंगतीत फुलकोबीची भाजी पहिल्या दोनच रांगांना पुरली. बाकीच्यांनी वांगं खाल्लं.